पुसण्याआधी पुसा

यंदाच्या पावसात एका वाचक भगिनीचे पत्र आले. पत्र गमतीचे, पण प्रश्न विचार करायला लावणारा. त्या लिहितात, "फोनमधल्या काही गोष्टी नुसते बोट लावले की लगेच बदलतात. आवाज कमी केला, लगेच कमी. अक्षर मोठे केले, लगेच मोठे. काही ठिकाणी मात्र सगळे भरून झाल्यावर खाली 'सेव्ह' दाबावे लागते. ते विसरून मागे आले की सगळी मेहनत पाण्यात. आणि काही ठिकाणी तर तो 'नक्की का?' म्हणून विचारत बसतो. यातले बरोबर कोणते? सांगितलेले लगेच ऐकावे, की पुन्हा एकदा विचारून घ्यावे?"

वाचून मला हसू आले. अहो, हा प्रश्न फोनच्याही आधीचा आहे! घरात नवी सून येते तेव्हाही हाच प्रश्न असतो. 'भाजीत मीठ किती घालू? कुकर लावू का? दार लोटून घेऊ का?' असे प्रत्येक गोष्टीला विचारणारी सून दोन दिवसांत सगळ्यांना दमवते. आणि काहीच न विचारता देवघरातली जुनी पितळी समई मोडीत घालून नवी स्टीलची आणणारी सून सगळ्यांना घाबरवते. शहाणी सून कोणती? कुठे विचारायचे आणि कुठे नाही, हे जिला कळते ती. फोनकडून आणि संगणकाकडूनही आपली तीच अपेक्षा असते.

आता स्वयंपाकघरातच पाहा ना. गॅसची आच कमी-जास्त करताना आपण कोणाला विचारतो का? कळ फिरवली की ज्योत डोळ्यांसमोर लहान होते, मोठी होते. चुकले तर पुन्हा फिरवायची. तिथे कोणी 'आच कमी करायची, नक्की ना?' असे विचारू लागले, तर दूध उतू जाईपर्यंत उत्तरच देत बसावे लागेल.

मिठाचे तसे नाही. पडले ते पडले. म्हणून आपण मीठ आधी हातावर घेतो, अंदाज बघतो आणि मगच घालतो.

तिसरी गोष्ट ब्लाउजपीसची. छाती, कंबर, गळा, बाही ही मापे एकमेकांत गुंतलेली असतात. एक माप घेतले की लगेच कात्री चालवली, असे कोणी करत नाही. सगळी मापे घ्यायची, खडूने आखायचे, एकदा नजर फिरवायची आणि मग कापायचे.

माझ्या मते पत्रातल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथेच आहे. परिणाम समोर दिसतो आणि मागे फिरता येते, ते आचेसारखे. ते लगेच व्हावे. ज्यात चार-पाच गोष्टी एकत्र बसायला हव्यात, ते ब्लाउजसारखे. ते सगळे भरून झाल्यावर एकदाच 'सेव्ह' करावे. पत्ता बदलताना गाव नवे आणि पिनकोड जुना, असे अर्धवट राहिले तर काय उपयोग? आणि जे परत येत नाही ते मिठासारखे. तिथे थांबून विचारावे.

ज्यांनी १९९५ साली आलेले 'विंडोज ९५' किंवा त्यानंतरचे संगणक हाताळले आहेत, त्यांना त्या चौकटीखालची तीन बटणे आठवत असतील: 'ओके', 'कॅन्सल' आणि 'अप्लाय'. 'अप्लाय' म्हणजे बदल लागू करून दाखव, पण चौकट उघडीच ठेव. 'ओके' म्हणजे लागू कर आणि चौकट मिटव. 'कॅन्सल' म्हणजे राहू दे, मी काही म्हटलेच नाही. मला स्वतःला ते 'कॅन्सल' फार आवडायचे. काहीही उलटसुलट करून पाहावे आणि हळूच बाहेर पडावे! पुढे हातातले फोन आले आणि ही तीन बटणे बरीचशी गेली. फोनमध्ये खटका सरकवला की काम झाले. पडदा लहान, बोट मोठे आणि परिणाम लगेच दिसणारा. त्यामुळे बहुतेक ठिकाणी ते योग्यच झाले.

त्या जुन्या संगणकवाल्यांची एक युक्ती मात्र मला फार शहाणपणाची वाटते. विंडोजमध्ये पडद्याची मांडणी बदलली की बदल लगेच होतो, पण सोबत एक चौकट येते: 'हा बदल ठेवायचा का?' आणि १५ सेकंद मोजले जातात. तुम्ही काहीच उत्तर दिले नाही, तर पडदा आपोआप पहिल्यासारखा होतो. का बरे? कारण बदल चुकला आणि पडदा काळाच पडला, तर बिचाऱ्या माणसाला 'नको' म्हणायला बटणही दिसणार नाही. बदल करून दाखवला, माघारीची वाटही मोकळी ठेवली आणि गप्प राहणाऱ्याचे नुकसान होऊ दिले नाही. घरातही इतका विचार करणारे माणूस विरळाच!

आता आमच्या चिखलदऱ्याचे सांगते. सुमारे ११०० मीटर उंचीवरचे हे गाव. जुलै-ऑगस्टात धुके असे उतरते की समोरचे घर दिसत नाही, वाळत घातलेले कपडे चार-चार दिवस ओलेच राहतात आणि फोनची रेंज लपंडाव खेळते. इथे राहून मला एक गोष्ट कळली. फोनमधल्या खटक्यांच्या दोन जाती आहेत. आवाज, उजेड, अक्षराचा आकार हे फोनच्या पोटातले खटके. ते रेंज असो वा नसो, लगेच चालतात. पण तुमचा फोटो कोणाला दिसावा, तुमचा नंबर कोणाला मिळावा, कोणती सेवा चालू आणि कोणती बंद, या गोष्टींची नोंद दूर कुठल्यातरी कंपनीच्या संगणकात असते. तुम्ही खटका सरकवता, तो सरकलेला दिसतोही. पण निरोप अजून वाटेतच असतो! रेंज गेली तर तो पोचत नाही आणि दुसऱ्या दिवशी पाहावे तर खटका पुन्हा जुन्या जागी. तुम्ही मात्र रात्रभर निर्धास्त, की आपला फोटो आता परक्यांना दिसत नाही.

म्हणून दूरच्या खटक्याने 'लगेच झाले' असे दाखवावे ते खरोखर झाल्यावरच. तोवर 'पाठवत आहे' असे प्रामाणिकपणे सांगावे. आणि आपण काय करावे? खटका सरकवला की क्षणभर थांबावे, त्या पानातून बाहेर यावे, पुन्हा आत जाऊन पाहावे. दुधाचे पातेले झाकल्यावर मांजराच्या धाकाने आपण पुन्हा एकदा डोकावतोच की नाही?

पैशाच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचे. आमच्याकडे पावसाळ्यात पर्यटकांची गर्दी असते. रबडीच्या दुकानापुढे उभे राहून मी कितीदा पाहिले आहे: पैसे पाठवले, चकती नुसती गरगर फिरते आहे, मागे रांग लागली आहे. माणूस कंटाळून दुसऱ्यांदा पैसे पाठवतो आणि मग दोन्ही वेळचे जातात. मैत्रिणींनो, चकती फिरत असेल तर दुसऱ्यांदा दाबू नका. आधी व्यवहारांच्या यादीत पाहा किंवा बँकेचा संदेश येऊ द्या. खात्यातून पैसे गेले पण समोरच्याला मिळालेच नाहीत, तर ते आपोआप परत आले पाहिजेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ सालचा नियम आहे. व्यक्तीच्या खात्यात पाठवलेले असतील तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानाचे असतील तर पाच दिवसांपर्यंत. त्याहून उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची आहे. हे ठाऊक असले की रांगेतही डोके शांत राहते.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, 'म्हणजे धोक्याच्या ठिकाणी फोनने विचारले की झाले तर!' मीही तसेच समजत होते. पण आता माझ्या हातून घडलेली चूक सांगते. सांगताना अजूनही जीव कसानुसा होतो.

आमचे मामंजी दोन वर्षांपूर्वी गेले. पेन्शनच्या कामाला ते परतवाड्याला जात आणि परत निघाले की फोनवर बोलून निरोप धाडत. त्यांचा शेवटचा निरोप असाच होता. "गाडीत बसलो. आता घाटात रेंज राहणार नाही. काळजी करू नका, जेवून घ्या." बस्स, एवढाच. त्यानंतर आठवड्याभरातच ते गेले. निरोप माझ्या फोनवर होता. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, फोन फारसा चालवता येत नाही. संध्याकाळी दिवा लावून झाला की त्या माझ्याजवळ येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "लाव ना जरा." रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा. मी लावायची. त्या ऐकायच्या आणि उठून आत जायच्या.

मागच्या श्रावणात माझा फोन 'जागा संपली' म्हणून अडून बसला. सकाळच्या शुभेच्छांची फुले, सणांची चित्रे, शाळेच्या गटातल्या शेकडो सूचना, सगळे साचलेले. मी कुकर लावला आणि पुसायला बसले. एक-एक गठ्ठा निवडायचा, फोन विचारणार 'पुसायचे का?', मी 'ओके'. पुन्हा 'पुसायचे का?', पुन्हा 'ओके'. वीस-पंचवीस वेळा तरी झाले असेल. मग जुनी संभाषणे पुसू लागले. खालच्या चार-पाच ओळी एकदम निवडल्या. त्यांत मामंजींची ओळ होती. फोनने विचारले. अगदी तसेच विचारले, जसे फुलांच्या चित्राला विचारले होते. बोटाने 'ओके' दाबले. कुकरची तिसरी शिट्टी झाली, मी उठले. मला कळलेसुद्धा नाही.

संध्याकाळी आई आल्या. "लाव ना जरा."

मी शोधले. पुन्हा शोधले. मग सगळे ध्यानात आले आणि हातपाय गार पडले. खोटे बोलावेसे वाटले, पण बोलवेना. सगळे सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या फोननं तुले पुसलं नाई का?"

"पुसलं, आई."

"मंग तू काय म्हटलं?"

मैत्रिणींनो, आमच्या वऱ्हाडात 'पुसणे' म्हणजे विचारणे, आणि पुसणे म्हणजे खोडून टाकणेही. त्या दिवसापासून हा शब्द ऐकला की दोन्ही अर्थ एकदम मनात येतात. फोनने पुसले होते, म्हणूनच पुसले गेले.

चूक माझीच, त्यात वाद नाही. पण पुढे बरेच दिवस मी विचार करत होते, की विचारूनही मी का थांबले नाही? उत्तर साधे आहे. जो प्रश्न वीस वेळा विचारला जातो, तो एकविसाव्या वेळी कोणी ऐकत नाही. बसचा वाहक 'सुटे पैसे द्या' म्हणतो ते जसे कानावरून जाते, तसेच. हाताला 'हो' म्हणायची सवय लागते. फुलाच्या चित्राला आणि गेलेल्या माणसाच्या आवाजाला एकच प्रश्न, एकाच चौकटीत, एकाच जागी बटण असेल, तर तो प्रश्न नावापुरताच. म्हणजे जास्त विचारण्याने काळजी वाढत नाही, कमीच होते. विचारावे ते क्वचित, आणि विचाराल तेव्हा काय जाणार आहे ते नावानिशी सांगावे. 'ओके' ऐवजी बटणावरच 'कायमचे पुसा' आणि 'राहू द्या' असे लिहिलेले असते, तर माझे बोट कदाचित अडखळले असते.

प्रश्न कसा विचारला आहे, यावर किती अवलंबून असते याचे एक मोठे उदाहरण आपल्या महाराष्ट्रात नुकतेच घडले. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना २०२४ साली सुरू झाली. २१ ते ६५ वयाच्या पात्र बहिणींना महिना १,५०० रुपये. २०२५ च्या सप्टेंबरात या बहिणींना ई-केवायसी करायला सांगितले. त्यात घरात कोणी सरकारी नोकरीत 'नाही' अशा अर्थाचे विधान होते आणि पुढे 'होय' आणि 'नाही'. आता तुम्हीच सांगा, घरात कोणी नोकरीत नसेल तर काय दाबायचे? 'नाही, कोणी नाही' म्हणून 'नाही' दाबावे, की 'होय, कोणी नाही हे खरे' म्हणून 'होय'? चांगल्या शिकलेल्या बायकाही गोंधळल्या. किती जणींचे उत्तर उलटे नोंदले गेले! अखेर त्या वर्षाच्या शेवटी चुकलेला पर्याय एकदा बदलण्याची संधी द्यावी लागली. मी शाळेत मुलांना व्याकरण शिकवते. नकारार्थी वाक्याला 'होय-नाही'चा प्रश्न जोडला की वर्गातली निम्मी मुले चुकतात, हे दरवर्षी पाहते. जिथे १,५०० रुपयांवर घरचा किराणा अवलंबून आहे, तिथे असला प्रश्न नको. शेवटी 'सादर करा' दाबण्याआधी साध्या मराठीत लिहून यावे: 'तुम्ही सांगितले की तुमच्या घरात सरकारी नोकरीत कोणीही नाही. बरोबर?' म्हणजे वाचणारीला आपण काय बोललो ते ऐकू येईल.

आणि त्या 'चूक दुरुस्त करण्याच्या संधी'तच खरे मर्म आहे, असे आता मला वाटते. शाळेत चौथीपर्यंतच्या मुलांच्या हाती आम्ही पेन्सिल देतो. प्रत्येक शब्दाआधी 'नक्की लिहू का बाई?' असे विचारायला लावत नाही. लिहू देतो, चुकू देतो आणि खोडरबर देतो. मुले निर्धास्त लिहितात, म्हणून शिकतात. फोन-संगणकातही विचारण्यापेक्षा खोडरबर बरा. काम लगेच करावे, पण काही काळ माघारी येता यावे.

आता अशा सोयी पुष्कळ झाल्या आहेत, फक्त आपल्याला ठाऊक नसतात. जीमेलमध्ये पत्र धाडल्यावर ते परत ओढून घेण्यासाठी ५ पासून ३० सेकंदांपर्यंत मुदत ठेवता येते. ती ३० च करून ठेवा. व्हॉट्सअॅपवर लिहिलेला निरोप १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो. सगळ्यांसाठी पुसायचा तर दोन दिवसांपर्यंत पुसता येतो. आणि घाईत 'सगळ्यांसाठी' ऐवजी 'फक्त माझ्यासाठी' पुसले गेले, तर पाच सेकंद 'अनडू' दिसते. ते दाबले की निरोप परत येतो. गूगल फोटोजमध्ये पुसलेले फोटो साठवण खात्यात चढलेले असतील तर ६० दिवस, नसतील तर ३० दिवस कचऱ्याच्या टोपलीत राहतात. आयफोनमध्येही ३० दिवस. पण सगळ्याच ठिकाणी अशी टोपली नसते. पूर्ण संभाषणच पुसले की ते गेले, हे मी शिकले ते असे.

जिथे खोडरबर देताच येत नाही, तिथे निदान काय झाले ते डोळ्यांना दिसावे. मतदानाचे पाहा. यंत्रावरचे निळे बटण दाबले की मत गेले, 'नक्की का?' असे ते विचारत नाही आणि परतही देत नाही. पण शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेत तुम्ही दिलेल्या मताची चिठ्ठी सात सेकंद दिसते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ही सोय देशभर सगळ्या केंद्रांवर होती. बटण दाबून लगेच पाठ फिरवू नका. ते सात सेकंद आपले आहेत, तेवढे उभे राहून पाहा.

पैशाच्या व्यवहारात मात्र विचारलेच पाहिजे, पण तेही प्रमाणात. यूपीआय २०१६ साली आले, तेव्हापासून पैसे जाताना सहसा पिन टाकावा लागतो. पुढे २०२२ साली यूपीआय लाइट आले. कोथिंबिरीच्या जुडीला पिन कशाला? छोट्या रकमा तिथे पिनविना जातात. २०२४ च्या डिसेंबरात ही मर्यादा एका वेळी १,००० रुपये आणि एकूण शिल्लक ५,००० रुपये अशी वाढवली. लहान रकमेला लगेच आणि मोठ्या रकमेला विचारून, हे धोरण मला पटते. आपणही किरकोळ खर्चाचे पैसे वेगळ्या डब्यात आणि बाकीचे कपाटात कुलूप लावून ठेवतोच ना! ३० जून २०२५ पासून तर पैसे पाठवण्याआधी घेणाऱ्याचे बँकेत नोंदलेले नाव दाखवणे बंधनकारक झाले आहे. ते नाव वाचा. 'नक्की का?' या नुसत्या प्रश्नापेक्षा ते एक नाव शंभर पटीने उपयोगी. आणि ही खूणगाठ पदराला बांधून ठेवा: पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. 'तुमच्या खात्यात पैसे टाकतो, फक्त पिन टाका' असे कोणी म्हणाले की तो फसवतो आहे, हे नक्की. तरीही फसगत झालीच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. जितका उशीर, तितके पैसे हातातून दूर जातात.

आणखी एक गोष्ट पत्रात नाही, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. फोनने विचारायचे ते कोणाला? पुष्कळ घरांत बाईच्या फोनचे खटके दुसराच कोणी सरकवतो. ती कुठे आहे हे सतत दिसावे, तिचे निरोप दुसऱ्या यंत्रावरही उघडावेत, तिच्या खात्याचा ओटीपी घरातल्या पुरुषाच्या फोनवर यावा, असे सगळे 'सोयीसाठी' म्हणून केलेले असते. तिला त्याचा पत्ताच नसतो. ज्याच्या आयुष्यावर बदलाचा परिणाम होणार, त्याला विचारले पाहिजे. फोन ज्याच्या हातात आहे त्याला विचारून भागत नाही. मुली-सुनांनाही आणि वयात आलेल्या मुलांनाही. आधार आणि बँकेला स्वतःचा मोबाइल क्रमांक जोडलेला असावा, एवढे तरी प्रत्येकीने पाहावेच.

तर आता नेहमीप्रमाणे थोडक्यात, कात्रण काढून ठेवण्याजोगे:

१. नवा खटका सरकवण्याआधी तो आधी कसा होता ते वहीत लिहून ठेवा. माघारी यायला तीच वाट.

२. लांब अर्ज भरताना 'सेव्ह' किंवा 'सादर करा' कुठे आहे, ते आधी शोधा. शेवटी पोचपावतीचा क्रमांक आल्याशिवाय पान मिटू नका. तो उतरवून घ्या.

३. पुसायचे काम कुकर लावून करू नका. बसून, निवांत, आणि एका वेळी एकच प्रकार. फोटोंच्या दिवशी फोटो, संभाषणांच्या दिवशी संभाषणे.

४. जी संभाषणे आणि फोटो जपायचे आहेत, त्यांना आधीच तारांकित करा किंवा वर टाचून ठेवा, म्हणजे गठ्ठ्यात सापडणार नाहीत.

५. प्रश्नात 'नाही' हा शब्द असेल तर तो मोठ्याने वाचा. स्वतःच्या शब्दांत उत्तर द्या आणि मगच बटण निवडा.

६. गेलेल्या किंवा दूर असलेल्या माणसांचे आवाज एकाच फोनवर ठेवू नका. दोघा-तिघांकडे पाठवा आणि संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर एक प्रत ठेवा.

सहावी गोष्ट मी त्यानंतर केली. अकोल्याच्या भाऊजींना फोन करून सगळे सांगितले. त्यांनी रात्री बसून आपला जुना फोन चाळला. तो शेवटचा निरोप अर्थातच त्यांच्याकडे नव्हता, तो माझ्या एकटीच्याच फोनवर होता. पण आणखी एक जुना सापडला. त्यात मामंजी विचारत आहेत, "इथं पाऊस लागला आहे. तुमच्याकडे कसं आहे? छत गळत नाही ना?" तो आता आम्हा तिघांच्या फोनवर आहे, शिवाय माझ्या मुलीने संगणकावर उतरवून ठेवला आहे.

आईंना पहिल्यांदा ऐकवला तेव्हा त्या म्हणाल्या, "हा तो नाई." मी मान खाली घातली. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "पन आवाज त्याइचाच हाय. लाव पुन्हा."

मैत्रिणींनो, या रविवारी दुपारची झाकपाक झाली की फोन घेऊन बसा. पुसायला नव्हे, जपायला. तुमच्या घरात कोणाचा आवाज एकाच फोनवर आहे, ते आधी शोधा. आणि 'लगेच' किंवा 'विचारून' यांपैकी कशाने तुमचा घात झाला, कशाने तुम्हाला वाचवले, ते मला जरूर लिहून कळवा.